अकरा फरश्या जास्त

इंजिनिअरसाहेबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली सगळ्यात लांब किल्ली निवडली आणि आमच्या फरशीवर टकटक करत उकिडवेच पुढे सरकू लागले. माणूस अंगाने भरलेला, त्यात उकिडवं चालायचं म्हणजे थेट बदक. आमच्यातल्या धाकटीला हसू आवरेना. थोरलीने तिला कोपराने ढोसलं. मी हसत नव्हते. मी साहेबांच्या भुवया बघत होते. लोकांच्या भुवया बघायची मला सवयच आहे. भुवई जराशी हलली की पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळतं.

तिसऱ्या रांगेत भुवई हलली.

"ही पोकळ," ते म्हणाले आणि फरशीवर खडूने फुली मारली. "ही बरी आहे. ही पोकळ. ही पण."

दवाखान्याच्या नव्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा बाळंतिणींचा वॉर्ड. आम्ही तिघींनी तीन आठवडे खपून त्याची जमीन केली होती. साहेब शेवटच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा जमिनीवर त्रेचाळीस फुल्या होत्या.

"दिसायला काम झकास आहे," ते गुडघे धरून उठत म्हणाले. "रेषा काय, उतार काय, नाव ठेवायला जागा नाही. पण खाली सिमेंटचा माल बसलेला नाही, हवा राहिली आहे. आज दिसणार नाही. उद्या खाटेचं चाक गेलं की फरशी फुटणार आणि मग शिव्या मला." त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खरडलं. "आज गुरुवार. पुढच्या शनिवारी परत येतो. नीट झालं असेल तर वरचे दोन मजले तुमचे आणि चौघींना कायमचं पत्र. नसेल तर हे काम खालच्या मजल्यावरच्या टोळीला, आणि वरचंही त्यांनाच."

ते गेले. पायऱ्यांवरून उतरणारे त्यांचे बूट मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकले. मग थोरली म्हणाली, "बदकाने अंडं घातलं गं बाई."

कोणीच हसलं नाही.

आम्ही एकूण चौघी. मुख्य आमच्या मिस्तरीबाई. बारा वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा त्यांच्याकडे एक पिशवी होती आणि हाताचं एक बोट मोडलेलं होतं. ते बोट वाकडंच जुळलं. त्याच वाकड्या बोटाने त्या दोन फरश्यांमधली फट चाचपतात, आणि फट केसभर जास्त असेल तर त्यांना कळतं. आम्ही तिघी राहत होतो त्या आधारगृहातल्या बायकांना फरशीकाम शिकवायची कल्पना त्यांचीच. त्या तीन आठवड्यांत मात्र त्या तळमजल्यावर न्हाणीघरांच्या भिंती लावत होत्या, त्यामुळे आमच्याकडे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा डोकावून जायच्या.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. दोघी एकाच घरातून, एकाच दिवशी, एकाच बसने पळाल्या. पण बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसल्या, कारण त्या दिवशी त्यांची आपसात बोलाचाली बंद होती. अजूनही धाकटी थोरलीला "अहो जाऊबाई" म्हणते आणि थोरली धाकटीला "अगं ए".

चौथी मी. माझ्याकडे इतिहासाची पदवी आहे, म्हणून माझं नाव कॉलेज. काहीही अडलं की धाकटी विचारते, "कॉलेज, तुझ्या पुस्तकात याच्यावर काय लिहिलंय?" आणि माझी लेक भिंगरी. नावाची भिंगरी, तीन वर्षांची आहे, पण ठेवली तिथे बसते. आम्ही कामावर असलो की ती आधारगृहाच्या पाळणाघरात असते. मी दिवसातून दोनदा तिथे फोन करून विचारते, ती जेवली का, झोपली का, रडली का. "रडत नाही हो ती," तिथल्या बाई म्हणतात. त्यांना वाटतं, त्या चांगली बातमी देतायत.

आधारगृहात सहा महिने राहता येतं. त्यानंतर जागा दुसरीला. माझे सव्वीस दिवस उरले होते. दोन गल्ल्या सोडून एका घराच्या माडीवर दोन खोल्या मी बघून ठेवल्या होत्या. लहानशाच, पण दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, दोन्ही माझ्याच हातात राहणार. घरमालकीणकाकूंनी माझ्याकडे आणि भिंगरीकडे आलटून पालटून बघितलं होतं. "कायम नोकरीचं पत्र आण, किल्ली ने," म्हणाल्या. "तोंडी सांगणाऱ्या खूप जणी येऊन गेल्या."

पत्र नाही मिळालं तर दुसरी जागा एकच होती. दादाचं घर. आणि दादाच्या घराचा रस्ता पुढे कुठे जातो ते मला माहीत होतं.

दादा वाईट नाही. त्याने माझी फी भरलीय, मला सायकल शिकवलीय. पण त्याला भांडण मिटलेलं आवडतं. कसं मिटलं ते तो बघत नाही. त्या गुरुवारी दुपारीच त्याचा फोन आला आणि माझ्या तोंडून फुल्यांचं निघून गेलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "शिकलेली पोर तू, माती कालवतेयस. अगं, तुझा नवरा बदललाय. माझ्यासमोर रडला गं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतो. तुझ्या कामावरच येतो, म्हणजे आधारगृहाच्या बायकांची कटकट नको."

मी 'नको' म्हटलं नाही. 'बरं' असंही म्हटलं नाही. मी गप्प राहिले. माझ्या माणसांना माझं गप्प राहणं नेहमी होकारासारखंच वाटत आलंय.

शुक्रवारी सकाळी मिस्तरीबाई तळमजला सोडून आमच्याकडे आल्या. त्यांनी माल बोटांत चोळून बघितला. बरोबर होता. फरश्या पाण्यात भिजवल्या होत्या का? होत्या. खालची जमीन झाडून ओली केली होती का? केली होती.

"मग एक रांग लावा," त्या म्हणाल्या. "मी चहा पिते." आणि खिडकीच्या कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून बसल्या.

आम्ही कामाला लागलो. माल पसरायचा, थापीने त्याच्यावर रेघा ओढायच्या, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, लेव्हल बघायची, पुढची घ्यायची. मिस्तरीबाईंचा चहा संपला. त्यांनी रिकामा पेला बाजूला ठेवला.

"सुरू करा की गं," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "कधीची वाट बघतेय."

"अहो, सात लावून झाल्या," थोरली म्हणाली.

मिस्तरीबाई सावकाश वळल्या. सात फरश्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. "सात? मग मला एकही ऐकू कशी आली नाही?"

थोरलीने पहिली फरशी पायाने दाबून बघितली.

"कॉलेज, आठवी तू लाव. माझ्यासमोर."

मी फरशी ठेवली आणि हातोड्याने ठोकली. मिस्तरीबाईंनी कपाळाला हात लावला. "फरशी बसवतेयस की बाळ निजवतेयस?"

मी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हातोडा फरशीला लागायच्या आधी माझं मनगट आपणहून थांबत होतं. ते मी करत नव्हते, मनगटच करत होतं. चार वर्षं त्या घरात मी असंच सगळं केलं होतं. भांडं ओट्यावर ठेवताना आधी करंगळी टेकवायची, मग करंगळीवर भांडं, मग करंगळी हळूच काढून घ्यायची. कडी लावताना ती बोटाने धरून खाली सोडायची. आवाज झाला की खोलीतून हाक यायची, आणि हाकेनंतरचं मी इथे लिहीत नाही.

मान वर केली तर थोरलीही स्वतःच्या हाताकडेच बघत होती.

"आमच्याकडे सासरे दुपारचे झोपायचे," ती म्हणाली. "चमचा पडला तर अंगावर यायचे."

"तुमच्यासाठी चमचा तरी पडावा लागायचा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "माझ्या वेळेला तो चमचाही जागेवरच असायचा."

मिस्तरीबाई खाली बसल्या. "चूक माझी आहे," म्हणाल्या. "तुम्हाला माल शिकवला, लेव्हल शिकवली, कटर शिकवला. आवाज करायला शिकवायचं राहिलं. माझंही हेच झालं होतं. पहिली तीन स्वयंपाकघरं उखडून द्यावी लागली मला, आणि तेव्हा सांगायला कोणी नव्हतं." त्यांनी हातोडा माझ्या हातात कोंबला. "मार."

मी मारला.

"याने माशी तरी मरेल का? मार!"

मी डोळे मिटून मारला. धप्पकन आवाज झाला, रिकाम्या वॉर्डात घुमला, आणि मी दचकून दाराकडे बघितलं.

"दाराकडे काय बघतेस?" मिस्तरीबाई म्हणाल्या. "दार अजून बसवलंय कुठे?"

खरंच, तिथे नुसती चौकट होती. चौकटीला टेकून एक नवीकोरी पाटी ठेवली होती, वॉर्ड सुरू झाल्यावर लावायची: 'शांतता राखा'. धाकटी उठली, तिने पाटी उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग येऊन तिने आपल्या फरशीवर असा हातोडा घातला की बाहेरच्या रंगाऱ्याने शिडीवरून डोकं आत घातलं.

"काय मारामारी चाललीय काय?"

"चाललीय," थोरली म्हणाली. "येतोस मध्ये?"

डोकं गायब झालं.

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात जो दणका सुरू झाला तो विचारू नका. फुली मारलेल्या फरश्या छिन्नीने उखडायच्या, खालचा जुना माल खरवडायचा, नवीन पसरायचा, फरशी ठेवायची आणि ठोकायची. मधून फरशीच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. थोरली ठोकताना सासऱ्यांचं नाव घ्यायची. धाकटी कोणाचंही नाव घ्यायची नाही, नुसती दात-ओठ खायची. पहिले दोन दिवस मी प्रत्येक ठोक्याला चौकटीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी दर चार-पाच ठोक्यांमागे एकदा.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी मला ते ऐकू आलं.

फरशी ठेवल्या ठेवल्या ठोकली की आवाज पातळ येतो, वरवरचा. ठोकत गेलं की एका ठोक्याला तो बदलतो, जड होतो, जमिनीत उतरतो. तो बदलला की खालची हवा गेली आणि माल टेकला. मला हा बदल नुसता ऐकू येत नव्हता, तो फरशीच्या कुठल्या कोपऱ्यात झाला आणि कुठल्या कोपऱ्यात राहिला तेही कळत होतं.

"डावीकडचा खालचा कोपरा राहिलाय," मी तिकडून थोरलीला म्हटलं.

"तुला तिकडून काय दिसतं गं?"

"दिसत नाही. ऐकू येतंय."

तिने फरशी उचलून बघितली. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात माल टेकलाच नव्हता. फरशीची पाठ तिथे कोरी होती.

मिस्तरीबाईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि सळईने वीस फरश्या ठोकल्या. मी पाठमोरीच सांगत गेले, भरीव, भरीव, पोकळ, भरीव. वीसच्या वीस बरोबर.

"कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. चार वर्षं मी स्वयंपाकघरातून जिना ऐकला होता. बूट किती जोरात पडतोय, पायऱ्या एकेक चढतोय की दोन-दोन, किल्ली पहिल्या फटक्यात लागतेय की चाचपडतेय, यावरून मला पुढचे दोन तास ओळखावे लागायचे. हे मी त्यांना सांगितलं. मिस्तरीबाईंनी वाकड्या बोटाने माझ्या कानाची पाळी हलवून बघितली, एखादं नवं हत्यार बघावं तशी. "फुकट नाही गेलं म्हणायचं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लावून झाल्या. शुक्रवारचा पूर्ण दिवस फटी भरायला. जीव भांड्यात पडला. जावा डबे धुवायला गेल्या. मी, आपली सहज, सळई घेऊन पूर्ण वॉर्डभर ठोकत फिरले. ज्या फरश्यांवर फुली नव्हती, ज्या साहेबांच्या किल्लीने पास केल्या होत्या, त्यांवरूनही.

त्यातल्या अकरा पोकळ होत्या.

मी परत ठोकल्या. अकराच. काही खिडकीखालच्या रांगेत, काही दारापाशी. पूर्ण पोकळ नव्हत्या, कडेकडेला थोड्याशा. किल्लीला कळल्या नव्हत्या. शनिवारीही कळणार नव्हत्या. मी सळई भिंतीला टेकवून ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. जावा आल्या तेव्हा मी काही बोलले नाही. पत्र दोन दिवसांवर होतं. अकरा फरश्या उखडायला घेतल्या आणि वेळेत झाल्या नाहीत तर? एखादी उखडताना शेजारची फुटली तर? कोणी विचारणार नव्हतं. गप्प बसलं की झालं. गप्प बसण्यात तर माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी पाळणाघरात गेले तर भिंगरी कोपऱ्यात लाकडी ठोकळे रचत होती. मी दारातून बघत राहिले. आठ-दहा मुलं ठोकळे आपटत होती, फेकत होती, कालवा चालला होता. भिंगरीने एक ठोकळा उचलला. दुसऱ्या ठोकळ्यावर ठेवताना तिने आधी आपली करंगळी टेकवली, करंगळीवर ठोकळा टेकवला, आणि मग करंगळी हळूच काढून घेतली.

मी तिला हे शिकवलं नव्हतं. तिने बघितलं होतं.

शुक्रवारी सकाळी, चपला काढायच्या आधीच मी म्हटलं, "अजून अकरा पोकळ आहेत."

"साहेबांना ऐकू आल्या का?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"मग गप्प बस ना बाई! तुलाच पत्राची सगळ्यात जास्त घाई, आणि तूच उकरून काढतेयस?"

"बाळंतीण असते हो इथे," मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला होता. "हातात बाळ घेऊन चालत असते. फरशी फुटली, पाय अडकला तर? आणि साहेबांना ऐकू येवो न येवो, मला आलंय. मी ऐकलं आणि गप्प राहिले असं आता परत नाही करायचं मला."

थोरलीने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "आमच्या नशिबात सगळ्या शहाण्याच जावा," ती म्हणाली आणि छिन्नी उचलली.

मिस्तरीबाईंनी लवकर सुकणारा माल मागवला, सामानघरातून अकरा नव्या फरश्या आणल्या आणि त्यासाठी सहीही केली. उखडलेल्या फरश्यांचे तुकडे टाकून द्यायला मात्र त्यांनी मनाई केली. प्रत्येकीचा सगळ्यात मोठा तुकडा पाठ वर करून भिंतीपाशी ओळीने मांडून ठेवला. शनिवारी सकाळी दाराजवळची शेवटची फट भरून झाली तेव्हा साहेबांचे बूट जिन्यात वाजलेच.

या वेळी त्यांच्या हातात किल्लीऐवजी कागद होता.

"त्रेचाळीस फरश्या बदलायच्या होत्या," ते आत येऊन, ओली पट्टी ओलांडून म्हणाले. "सामानघरातून चोपन्न गेल्यात. अकरा जास्त. कुठे गेल्या? फोडल्या, की घरी नेल्या?"

मिस्तरीबाईंनी हातातली थापी खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जावांनीही माझ्याकडेच बघितलं.

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

तो हॉर्न मला झोपेतही ओळखता येईल. दोनदा आखूड म्हणजे तो गाडी बंद करायच्या आत मी फाटक उघडलेलं पाहिजे. माझे गुडघे आपोआप सरळ झाले. आणि जिन्यात दुसरी पावलं वाजली, ओळखीची, दादाची. तो चौकटीत येऊन उभा राहिला, धापा टाकत.

"चल," तो म्हणाला. "आवर पटकन. तो खाली थांबलाय." आणि त्याने आत यायला पाय उचलला.

"पाय टाकू नकोस!" मी ओरडले.

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नसेन. दादाचा पाय हवेतच राहिला. साहेबही दचकले.

"ओलं आहे ते," मी म्हटलं. "तिथेच थांब. माझं काम चालू आहे."

खालून परत हॉर्न, दोनदा. मी खाली बसले, दाराकडे पाठ करून, आणि सळई हातात घेतली.

"साहेब, त्या अकराही पोकळ होत्या. तुमच्या किल्लीला ऐकू आल्या नाहीत. मला आल्या, म्हणून बदलल्या. तुकडे तिकडे ठेवलेत, बघून घ्या."

साहेब भिंतीपाशी गेले. एकेक तुकडा उचलून बघितला. प्रत्येकाची पाठ कडेला कोरी करकरीत होती. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. मग ते खिशातली लांब किल्ली काढून वॉर्डभर फिरले, एकही रांग न सोडता. टक, टक, टक. मी बघत नव्हते, ऐकत होते. सगळ्या भरीव. ते शेवटच्या खिडकीपाशी पोचायच्या आधीच मला निकाल माहीत होता.

"खालच्या मजल्याची जमीन मी काल पास केली," ते परत येत म्हणाले. "चल माझ्याबरोबर. सळई घे."

ओली पट्टी ओलांडून मी चौकटीत दादासमोर आले.

"दादा, मी येत नाहीये," मी म्हटलं. "आज नाही, नंतरही नाही. त्याला सांग. मागच्या वेळी मी फोनवर गप्प राहिले, ती माझी चूक. आज मोठ्याने सांगतेय. ऐकू आलं ना?"

दादाने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या सळईकडे, आत चकचकणाऱ्या जमिनीकडे. "हे... तू केलंस?"

"आम्ही केलं," मागून धाकटी म्हणाली. "आणि भाऊसाहेब, जाताना त्या गाडीवाल्याला सांगा, हॉर्न बिघडलाय."

सांगायची गरज पडली नाही. खिडकीतून पहारेकऱ्याचा आवाज आला. "ओ, हॉस्पिटल आहे हे! वाचता येत नाही का? काढा गाडी! काढा म्हणतो ना!" मग इंजिन सुरू झालं, गिअर खरकन पडला, तो नेहमी तसाच पडतो, आणि आवाज लांब लांब होत गेला. तो पूर्ण विरेपर्यंत मी थांबले नाही. मला खाली काम होतं.

खालच्या मजल्यावर पुरुषांची टोळी होती. त्यांचा मिस्तरी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आता या ताई आम्हाला शिकवणार?" मी सरळ ठोकत गेले. चार रांगांत नऊ पोकळ. त्याने एक उखडून बघितली, मग दुसरी. तिसरी त्याने उखडली नाही. "कान आहे की काय आहे," एवढं पुटपुटला आणि खडू स्वतःच माझ्या हातात दिला.

सोमवारी चार पत्रं आली. तीन फरशीकामाची. चौथ्यात लिहिलं होतं, फरशीकाम आणि सर्व मजल्यांची तपासणी. थोरलीने ते माझ्याकडून वाचून घेतलं, घडी घातली, परत उघडलं आणि मला म्हणाली, "तुझ्या पदवीचा उपयोग झाला बघ. एवढं सगळं वाचता आलं ना तुला."

घरमालकीणकाकूंनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. "तपासणी म्हणजे काय करतेस?"

"फरश्या ठोकते."

"आणि त्याचा पगार देतात?" म्हणाल्या, पण किल्ली दिली.

दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक गादी, एक स्टोव्ह, दोन पिशव्या, आणि मिस्तरीबाईंनी भेट दिलेला माझा स्वतःचा रबरी हातोडा. भिंगरी भिंतीला चिकटून उभी होती. मी कडी लावली. बोटाने धरून नाही. सोडून दिली, खटकन पडू दिली. भिंगरीने चटकन माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचीही नजर माझ्या भुवयांवर होती. मी भुवया हलवल्या नाहीत, हसले.

मग सवयीने मी खोलीची जमीन ठोकत गेले. दोन फरश्या पोकळ निघाल्या. भिंगरी माझ्या मागे मागे येत होती. मी हातोडा तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, पोकळ फरशीवर अगदी हळू टेकवला आणि दाराकडे बघितलं.

"अजून," मी म्हटलं.

तिने टक केलं.

"अजून जोरात."

तिने हातोडा डोक्यापर्यंत उचलला आणि दाणकन आपटला. खोली घुमली. ती क्षणभर थिजली. कोणी आलं नाही. तिने परत आपटला. मग परत. मग ती हसायला लागली, खिदळायला लागली, आणि ठोकत ठोकत खोलीभर गरगर फिरू लागली.

"अगं काय चाललंय वर?" खालून काकूंचा आवाज आला. "छत पाडताय का माझं?"

मी खिडकी उघडली आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "काही नाही काकू! फरश्या तपासतोय! तुमच्या दोन पोकळ आहेत, रविवारी बसवून देते!"